दिव्याच्या आत

लोवेलला जाऊन सात आठवडे झाले होते, आणि सात आठवडे तो दिवा अर्डिसच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठाण मांडून बसला होता. दिवा म्हणजे काही खरा दिवा नव्हे हो, सिनेमातला. अर्डिस-लोवेलचं लग्न झालं त्या वर्षी अंतराळाचा एक सिनेमा आला होता. त्यात जहाजाचा म्हातारा कप्तान हातात धरून फिरतो, तो दिवा. मूळ दिवा कुठे गडप झाला देव जाणे. पण हौशी लोक असतात ना, त्यांनी पडद्यावर बघून बघून तसाच्या तसा घडवला, त्याचे साचे काढले, साच्यांत रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतलं, आणि आता अकरा तुकड्यांचा दिवा खोक्यात बसून घरपोच येतो. घासायचा आपण, जोडायचा आपण, रंगवायचा आपण. आमच्या गावात हा नाद असलेले नऊ-दहा जण आहेत. हिवाळा इथे सहा महिने मुक्कामाला असतो. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून माणूस मासे तरी किती दिवस धरणार?

लोवेलचा दिवा अर्धवटच राहिला होता. पोटाची दोन कवचं त्याने एकमेकांना चिकटवून टाकली होती. मूठ, काच, पट्टा, बाकी सगळं खोक्यात तसंच. रंग नाही, काही नाही. कच्चं रेझिन, जुन्या दातासारखं पिवळट. आणि त्या बंद पोटाच्या आत लोवेलने अर्डिससाठी काहीतरी लिहून ठेवलं होतं.

हे अर्डिसशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ते का, हे सांगायचं तर आधी लोवेलच्या आवाजाचं सांगायला हवं.

लोवेल गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. छत्तीस वर्षं. काय तो आवाज! बोली चढायला लागली की शब्द असे घरंगळत सुटायचे की गाई घ्यायला न आलेली माणसंसुद्धा ऐकायला कठड्यापाशी उभी राहायची. त्याच माणसाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, वेळ आली तर स्वरयंत्र काढावं लागेल. त्या दिवशी घरी येताना गाडीत लोवेल म्हणाला, "अर्डिस, गळा कापू द्यायचा नाही. काहीही होवो. आवाज गेला तर मी राहून काय करू? म्हण, हो म्हण." ती हो म्हणाली. तिच्यासमोर दुसरा शब्द होता कुठे?

मग मार्चमधल्या एका सकाळी त्याचा श्वासच अडकला. हॉस्पिटलात नेईपर्यंत ओठ निळे. डॉक्टरने कागद पुढे केला आणि म्हणाला, बाई, दोन मिनिटं आहेत. अर्डिसने सही केली. तुम्ही-आम्ही काय केलं असतं ते घरी बसून ठरवायला सोपं असतं. तिने सही केली आणि लोवेल वाचला, आणि त्यानंतर वीस महिने मुक्याने जगला.

गावाने तिला डोक्यावर घेतलं. केवढं केलं बाईने नवऱ्याचं! नळी साफ करायची, भाज्या मिक्सरमधून काढायच्या, ढुंगण पुसायचं. सगळं खरं. पण घरात काय चाललं होतं ते कोण बघायला येतंय? लोवेलकडे एक पांढरी पाटी होती, गळ्यात अडकवायची, निळ्या पेनची. त्यावर तो लिहायचा, 'मीठ.' 'दार लाव.' 'फुटपाथवरचा बर्फ.' अर्डिस विचारायची, "लोवेल, मी चुकले का रे?" की तो पाटी पुसायचा आणि तळघरात आपल्या कामाच्या टेबलाशी जाऊन बसायचा. तिने किती वेळा विचारलं असेल! एकदा तर ती तळघराच्या पायऱ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडली. तो पॉलिश पेपर घासत राहिला. भांडला असता, भिंतीवर ताट फेकलं असतं, तरी चाललं असतं तिला.

जाण्याच्या पंधरा दिवस आधी तो वर आला, चिकटवलेला दिवा तिच्यापुढे ठेवला आणि पाटीवर लिहिलं, 'आत लिहिलंय. मी गेल्यावर.'

"चांगलं की वाईट?" अर्डिसने विचारलं.

त्याने पाटीवर बोट ठेवलं. 'मी गेल्यावर.' चेहऱ्यावर म्हणाल तर काही नाही. लिलावात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, चेहऱ्यावरून भाव कळू द्यायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं.

तर अर्डिसचा जीव असा टांगणीला लागलेला. वाईट लिहायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता, असं सकाळी तिला वाटायचं. दुपारी वाटायचं, चांगलं असतं तर बंद कशाला केलं असतं? तोंडावर सांगितलं असतं, पाटी काय लांब होती? एकदा तिने लोणी लावायची सुरी घेऊन सांध्यात घालून बघितली. टवका उडाला. तो बोटाएवढा टवका ओट्याखाली जाऊन पडला तेव्हा तिला वाटलं, सगळा दिवा फुटून भुगा होईल आणि अक्षरंही त्याबरोबर. सुरी तिने खणात टाकली, टवका शोधून खोक्यात ठेवला आणि ड्वेनला फोन केला.

ड्वेन म्हणजे लोवेलचा चाळीस वर्षांचा दोस्त आणि या कामातला आमच्याकडचा राजाच. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेला, आता असली किटं जोडतो. हात सोन्याचे. तोंड मात्र बंद होत नाही. आला तो बूट झाडतच, टेबलावरचा दिवा उचलला आणि नाकाशी नेला.

"धुतलं नाहीये लेकाने!" तो म्हणाला. "बघ, बघ, बोट लावून बघ. तुळतुळीत लागतंय की नाही? साच्यातलं तेल असतं हे अर्डिस. साबणाच्या पाण्यात घासून धुतल्याशिवाय रंग धरतच नाही. जन्मभर सांगत आलो मी त्याला. म्हणायचा, धुणं बायकांचं काम. रंगाचे पापुद्रे निघाले की मग माझ्याकडे यायचा."

अर्डिस हसली. किती दिवसांनी हसली होती. मग म्हणाली, "ड्वेन, मला एवढंच हवंय, हे पोट उघडून दे. तुकडा न मोडता. बाकी काही करू नकोस."

"बाकी म्हणजे?"

"काहीच नको. उघडायचं आणि मला आणून द्यायचं. खरंच. दुसरं काही नको."

आता इथे घोटाळा आहे. आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. कॉफी घेणार? नको. अगं घे. नको, कशाला त्रास. घे गं, केलेलीच आहे. बरं, अर्धा कप. असं दुसऱ्या 'नको'नंतर माणूस आडवा हात मारतो. लग्न झालेल्या पोरीच्या घरी गेलं तरी हेच. आणि विधवा बाई, नवऱ्याच्या हातचं अर्धवट राहिलेलं काम पुढे ठेवून म्हणते, फक्त उघडून दे, बाकी काही नको! ड्वेनने तिचं 'नको' ऐकलं, मान डोलावली आणि डोळा मिचकावला. "कळलं," तो म्हणाला. "कळलं मला."

तेव्हाच सांगायचं ना बाई! आत लिहिलंय म्हणून सांगायचं. आलं होतं तिच्या ओठांवर. "ड्वेन, त्याच्या आत..." एवढं तर ती बोललीसुद्धा. पण तेवढ्यात त्याने तिचा हात धरला आणि डोळे पुसत म्हणाला, "लोवेल नशीबवान अर्डिस. वीस महिने तू जे केलंस ना, माझ्या बायकोने दोन दिवस केलं नसतं. आम्ही सगळे बोलतो." झालं. पुढचं तिने गिळलं. आत काय लिहिलंय कुणास ठाऊक. ड्वेनने उघडलं, वाचलं, आणि त्यात तिने दिलेला शब्द मोडून सही केली होती ते असलं तर? दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात.

"आत काय?" ड्वेनने विचारलं.

"आत काही बघू नकोस," ती म्हणाली. "मोडेल म्हणून म्हणते."

"अगं मोडायला मी काय लोवेल आहे?" आणि खोकं काखेत मारून तो गेला.

पाच दिवस तिने वाट पाहिली. पाच दिवस टेबल रिकामं. सहाव्या दिवशी राहवेना, फोन केला. "उघडलं का रे?"

"केव्हाच! अलगद उघडलं. काळजी सोड."

"मग येते घ्यायला. आत्ता येते."

"आत्ता नको, वाळतंय."

"काय वाळतंय?"

"अगं तू शनिवारी चर्चमध्ये ये तर. सगळे येणारेत. माझी बेव्ह ओव्हनमध्ये बटाट्याचं हॉटडिश भाजतेय." आणि हसत हसत त्याने फोन ठेवला.

काय वाळतंय? फोन ठेवल्यावर अर्डिस तशीच उभी राहिली. एक मन म्हणत होतं, गाडी काढ आणि आत्ताच्या आत्ता जा. दुसरं म्हणत होतं, गेलीस आणि घाई केलीस तर तो विचारेल, एवढं काय आहे त्यात? त्या दुसऱ्या मनाचं तिने ऐकलं. गोंद वाळत असेल, तिने स्वतःला सांगितलं. सुरीने उडालेला टवका त्याने परत चिकटवला असेल.

शनिवारी चर्चचं तळघर भरलं होतं. लांब टेबलांवर ज्याने त्याने आपापलं काम मांडलं होतं, कुणाचं शिरस्त्राण, कुणाची बंदूक, कुणाचा कापलेला हात. कडेला हॉटडिश, हॅमची सँडविचं, लिंबाच्या वड्या, आणि ती आमची पाणचट कॉफी. अर्डिस आत शिरली तशी माणसं बाजूला झाली. मधल्या टेबलावर काहीतरी टॉवेलखाली झाकलेलं होतं आणि त्यामागे ड्वेन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तो शर्ट बघितला आणि अर्डिसला कळलं, नुसता गोंद वाळत नव्हता.

"लोवेलने सुरू केलं होतं," ड्वेन म्हणाला. तो फार बोलणार होता, पण त्याने टॉवेलच ओढला.

खरं सांगायचं तर तसं काम आमच्याकडे पुन्हा होणे नाही. दिवा पितळेचा वाटत होता. पितळेचा, आणि पन्नास वर्षं वापरलेला. कडा झिजून उजळ झालेल्या, खाचांत काजळी, मुठीपाशी जिथे कप्तानाचा अंगठा बसतो तिथे हाताच्या घामाने आलेली काळपट झाक. पट्टा खऱ्या चामड्याचा. ड्वेनने खालची कळ दाबली आणि काचेतून पिवळा उजेड पडला, थोडा थरथरणारा, अगदी सिनेमात पडतो तसा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेव्हने एप्रन डोळ्यांना लावला.

अर्डिसने दिवा हातात घेतला. टाळ्या थांबेपर्यंत तो धरून उभी राहिली. मग त्याच्या पोटावरून नख फिरवलं, एकदा या बाजूने, एकदा त्या.

"हा उघडतो कुठे?"

"उघडत नाही! तीच तर गंमत आहे!" ड्वेन ओरडला. "पुट्टी भरली, सहा वेळा घासला. सांधा शोधून दाखव. कुणीही दाखवा, माझ्यातर्फे जेवण!"

लोक हसले. एक-दोघांनी चष्मे लावून बघितलंसुद्धा. कुणालाच सांधा दिसेना. "फार छान झालाय, ड्वेन," अर्डिस म्हणाली. "एवढं कशाला केलंस?" म्हणायचं असतं ते ती म्हणाली. बेव्हने दिलेली ताटली तिने घेतली, दोन घास गिळले, तीन बायकांना मिठ्या मारल्या. नवऱ्याच्या दफनातसुद्धा तिला एवढं जड गेलं नव्हतं.

निघताना ड्वेन दिवा घेऊन गाडीपर्यंत आला. बाहेर उणे बावीस. गाड्यांची इंजिनं चालू, धूर जमिनीलगतच गोठलेला. त्याने दिवा शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला माणसासारखा, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे निरोप घेत उभा राहिला. आमच्याकडे निरोपाला अर्धा तास लागतो.

"ड्वेन," ती म्हणाली. "उघडलास तेव्हा आत काय होतं?"

"आत? काय असणार? गोंदाचे ओघळ!" तो खुशीत आला. "उघडायचं काय गं, सोप्पं. गॅरेजमध्ये ठेवला रात्रभर. थंडीने हा गोंद काचेसारखा कडक होतो. सकाळी सुरीच्या पाठीने एक टिचकी, खट्, दोन तुकडे! तू पोर्चवर ठेवला असतास तरी तुला जमलं असतं."

अर्डिसने गाडीच्या दाराला हात लावला. लोखंड होतं, हातमोज्यातूनही भाजलं.

"मग?"

"मग काय, ॲसिटोनचा बोळा फिरवला आतून, नेलपॉलिश काढायचं असतं ना तेच. मग साबणाने खसाखसा धुतला. शेवटी लोवेलचं एक तरी काम मी धुतलंच!" तो हसला. "मग आतून काळा मारला. आत काळा मारला नाही तर उजेड रेझिनमधून पाझरतो, अख्खा दिवा लाल दिसतो भोपळ्यासारखा. लोवेलला कुठलं सुचायला! उलट नुसते नंबर लिहून ठेवले होते आत निळ्या पेनने."

"नंबर."

"हो, डावं-उजवं, वर-खाली, लिहितो आम्ही. तुकड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून."

"तू वाचलेस?"

"चष्मा कपाळावर होता. आणि नंबर कोण वाचतं गं?"

"ते नंबर नव्हते, ड्वेन. माझ्यासाठी होतं ते. त्याने माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं."

ड्वेनचं हसू आधी तसंच राहिलं चेहऱ्यावर. उतरायला वेळ लागला. मग त्याने टोपी काढली, त्या थंडीत, आणि ती हातात चुरगाळायला लागला. "मग बोलायचं नाहीस का तू? अगं बोलायचं नाहीस का?"

"बोलले. फक्त उघड म्हणाले. बाकी काही नको म्हणाले."

"तसं सगळेच म्हणतात गं!" तो जवळजवळ किंचाळला. चर्चच्या दारातून कुणीतरी वळून बघितलं. "अर्डिस, मी परत उघडतो. आत्ता. पोटातून कापतो करवतीने, गेला खड्ड्यात तो रंग..."

"उघडून काय मिळेल?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण या कामातलं खोटं त्याच्या तोंडून निघत नाही, काय करणार. "काळा रंग," तो म्हणाला. "त्याखाली कोरं रेझिन. काही नाही, अर्डिस. काही काही नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते गालावरच थिजलं.

"किती होतं?" तिने विचारलं. "पानभर होतं? ओळी होत्या?"

"नाही गं. छोटंसं होतं."

"आठव ना रे. नीट आठव."

ड्वेनने डोळे मिटले. उजवा हात त्याने पुढे केला, बोळा धरल्यासारखा, आणि हवेत पुसून बघितलं, आधी डावीकडे, मग जरा उजवीकडे. "दोन," तो म्हणाला. "दोन शब्द. पहिल्या वेळी बोळा फिरवला तेव्हा एक गेला. दुसरा राहिला म्हणून परत फिरवला."

"नक्की दोन?"

"शपथ घेतो. मध्ये जागा होती." मग तो घाईने म्हणाला, "अर्डिस, ऐक. लोवेल काय वाईट लिहिणार होता का तुझ्याबद्दल? चांगलंच असणार. तुझ्यासारख्या बाईला कुणीही चांगलंच लिहील."

"मी काय केलंय ते तुला ठाऊक नाही," ती म्हणाली.

ती गाडीत बसली, पण दार ओढून घेतलं नाही. शेजारच्या सीटवर दिवा पट्ट्यात बांधून बसलेला. अर्डिसने उजव्या हाताचा मोजा काढला, आणि अंगठा दुमडत हळूच म्हणाली, "माफ." शेजारचं बोट दुमडलं. "केलं." दोन झाले. तिने दोन्ही बोटं उघडली. "माफ," ती पुन्हा म्हणाली, आणि अंगठा दुमडला. "नाही."

तेही दोनच झाले.